आपण की आम्ही

इथल्या देशी दुकानांच्या ओक ट्री रोडवर शनिवारी पार्किंग मिळणं म्हणजे लॉटरी लागणं. त्या शनिवारी ती मला लागली होती. गाडी लावून मी उतरणार, तेवढ्यात इराचा फोन आला. इरा ही शिरीषची मुलगी. जन्म इथलाच, न्यू जर्सीतला, आणि माझ्याशी कायम इंग्लिशमध्ये बोलणार. त्या दिवशी ती मराठीत बोलली. "काका, बाबा गेला." वीस वर्षं त्या घरात 'बाबा गेला' याचा एकच अर्थ होता... जर्मनीला गेला. त्याचं ते काम बंद होऊन वर्ष होत आलं होतं, हे मी त्या क्षणी साफ विसरलो आणि विचारलं, "मग परत कधी येतोय?" पलीकडे इरा रडायला लागली, आणि मी काय बोलून बसलो ते मला कळलं. सकाळी तो चहा टाकायला उठला होता. ओट्यापाशीच कोसळला. चहाचं आधण गॅसवर तसंच उकळत राहिलं, असं त्याच्या बायकोनं, नीलावहिनींनी नंतर सांगितलं.

याला आता सात आठवडे झाले. शिरीषवर लिही, असं मला कोणी सांगितलेलं नाही. खरं तर मी लिहू नये असंच अनेकांचं मत असेल, कारण शेवटचे चार महिने आम्ही एकमेकांशी बोलत नव्हतो. चूक माझी होती. ती एका शब्दाची होती, आणि तो शब्द कुठला हे शिरीषइतकं दुसऱ्या कोणालाच कळलं नसतं.

नागपुरात कॉलेजमध्ये आम्ही दोघंही सिव्हिलला होतो. पुढे वारं बघून मी कॉम्प्युटरकडे वळलो. तो पुलांना चिकटून राहिला. अमेरिकेत आला, नागरिक झाला आणि इथल्या लष्करात नागरी इंजिनिअर म्हणून लागला. वर्दी नाही, बंदूक नाही, नुसती मोजपट्टी. उद्या युरोपात युद्ध पेटलंच, तर अमेरिकेचे रणगाडे जर्मनीत, उत्तरेच्या बंदरात उतरवून पूर्वेच्या सीमेपर्यंत न्यायचे. मधे जे पूल लागतील, त्यातला कुठला किती वजन पेलेल, कुठल्या बोगद्यात काय अडकेल, हे तपासत फिरणं हे त्याचं काम. मी चिडवायचो, "बे, जगात सगळे पुलावरून जातात, तू एकटाच पुलाखालून जातोस." तो म्हणायचा, "खालूनच कळतं राज्या, वरून सगळे सारखेच दिसतात."

त्याच्याबरोबर असायचा उवे, जर्मन लष्कराकडून आलेला इंजिनिअर. उंच, मोजकं बोलणारा. दोघं चिखलात उतरून खांबांच्या भेगा बघायचे आणि मग गाडीत बसून नीलावहिनींच्या डब्यातला चिवडा खायचे. तिकडच्या जुन्या पुलांवर गोल पिवळ्या पाट्या असतात, रणगाड्याचं चित्र आणि वजनाचा आकडा असलेल्या. एक छोटा पूल पाडून नवा बांधला, तेव्हा तिथली गंजलेली पाटी उवेनं शिरीषला भेट दिली. ती त्यानं स्वयंपाकघरात, चहा-साखरेच्या डब्यांच्या वर लावली. वहिनींना मुळीच आवडली नव्हती. "लोक देवाचा फोटो लावतात," त्या म्हणायच्या, "आमच्याकडे रणगाडा." शिरीष त्या पुलांना 'आपले पूल' म्हणायचा. मी म्हणायचो, "तुझे कसले रे? पूल त्यांचे, रणगाडे अमेरिकेचे, तू नागपूरच्या वर्धा रोडचा." तो हसायचा, पण शब्द बदलायचा नाही.

शब्दांच्या बाबतीत तो भारी काटेकोर होता. रविवारी सकाळी इथे मुलांचा मराठीचा वर्ग भरतो, एका चर्चच्या तळघरात. तो शिकवायचा, मी कॉफी आणायचो आणि लहानांची बाराखडी घ्यायचो. इथल्या मुलांची एक ठरलेली चूक असते. घरी इंग्लिश 'वी', त्यामुळे 'आपण' आणि 'आम्ही' यांत त्यांना फरकच वाटत नाही. आठ वर्षांची तन्वी उठून सांगायची, "काका, काल आपण बीचवर गेलो." शिरीष डोळे मोठे करून विचारायचा, "हो? मग मी कुठे होतो?" की सगळा वर्ग एका सुरात ओरडायचा, "आम्हीऽऽ!" ऐकणारा बरोबर असेल तर आपण, नसेल तर आम्ही... एवढाच धडा, पण तो त्यानं शंभर वेळा शिकवला. उवेलासुद्धा त्यानं मराठीतले हे दोनच शब्द शिकवले होते. त्याचं म्हणणं असं की इंग्लिशमध्ये माणूस 'वी' म्हणतो आणि तुला आत घेतलंय की दाराबाहेर उभं केलंय, हे कळायला मार्गच नसतो.

युक्रेनवर हल्ला झाला तेव्हा त्याच्या पुलांना एकदम किंमत आली. महिन्यातले वीस दिवस तिकडे. थकायचा, पण खूश असायचा. आणि मग बघता बघता इथली हवाच फिरली. युरोपनं आपल्या संरक्षणाचं स्वतः बघावं, अमेरिका किती दिवस पुरणार, असं वॉशिंग्टनमध्ये उघड बोललं जाऊ लागलं. दौरे रद्द झाले, माणसं परत बोलावली, आणि शिरीषचा विभाग दुसऱ्या एका कचेरीत मिसळून टाकला. शेवटच्या बैठकीहून आला तेव्हा तो थेट माझ्याकडे आला होता. म्हणाला, "मुक्या, निघताना उवे म्हणाला, 'वी विल मॅनेज.' मला विचारायचं होतं, आपण की आम्ही? तोंडापर्यंत आलं होतं यार... नाही विचारलं."

आता माझं सांगतो. त्याच सुमारास माझी नोकरी गेली. अठरा वर्षांची नोकरी, पंधरा मिनिटांच्या व्हिडिओ कॉलवर. घरात बसून दिवसभर बातम्या बघायचो आणि दिसेल त्याच्यावर उखडायचो. एका दुपारी शिरीष आला. बायकोनं पोहे केले होते. तो उवेबद्दल बोलायला लागला. तिकडच्या लोकांना किती लागलंय, युरोपला दिलेला सत्तर-पंचाहत्तर वर्षांचा शब्द असा मोडता येत नाही, वगैरे. माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, "माझी नोकरी गेली तेव्हा कुठला जर्मन धावून आला रे? युरोपनं आपलं आपण बघावं. आम्ही किती दिवस त्यांचं ओझं वाहायचं?"

त्यानं बशी खाली ठेवली. अगदी हळू आवाजात म्हणाला, "एका दमात 'आपण' पण म्हणालास आणि 'आम्ही' पण. दोन्हीत मी नाही."

मी म्हणू शकलो असतो की बे, तोंडातून निसटलं. निसटलं नव्हतं. त्या क्षणी मला तो बाहेरचाच हवा होता. मी म्हणालो, "असं समज." तो उठला, आत जाऊन माझ्या बायकोला "येतो वहिनी" म्हणाला, आणि गेला. पोहे अर्धे राहिले होते.

त्यानंतर मी रविवारचा वर्ग सोडला. चार महिन्यांत कितीदा तरी त्याला मेसेज लिहिला आणि पुसला. वाटायचं, तो करेल की आधी. नेहमी तोच करायचा. कॉलेजात प्रत्येक भांडणानंतर तोच माझ्या खिडकीखाली येऊन सायकलची घंटी वाजवायचा. यावेळी नाही वाजवली... आणि मी मूर्ख, खिडकीत बसून राहिलो.

शिरीषच्या घरी झालेल्या शोकसभेला उवे आला. इतक्या लांबून, एक दिवसासाठी. भाषण केलं नाही. लोक पांगल्यावर तो स्वयंपाकघरात त्या पिवळ्या पाटीसमोर जाऊन उभा राहिला, आणि मी शेजारी गेलो तसा माझ्याकडे न बघता इंग्लिशमध्ये बोलू लागला. म्हणाला, "त्यानं मला पत्र पाठवून विचारलं होतं. त्या दिवशी तू 'वी' म्हणालास, ते आपण की आम्ही? मी फार रागात होतो. त्याच्यावर नाही, तुमच्या देशावर. पण पत्र त्याचं होतं. मी एकच शब्द लिहिला... 'आम्ही'." मी विचारलं, "मग शिरीषचं उत्तर?" तो म्हणाला, "आलं. 'व्याकरण बरोबर आहे.' एवढंच. मला वाटलं, उन्हाळ्यात भेटू तेव्हा समजूत काढीन."

म्हणजे तिकडच्यानं त्याला 'आम्ही' म्हटलं होतं, आणि इकडच्यानंही. त्या दोघांच्या मधे तो आयुष्यभर पूल मोजत राहिला, आणि शेवटी त्याला उभं राहायला कुठलाच काठ उरला नाही. मी उवेला माझं काहीच सांगितलं नाही. धीर झाला नाही. ते आज इथे लिहितोय, कारण ज्याला सांगायला हवं होतं तो आता ऐकायला नाही.

मी निघताना नीलावहिनींनी ती पाटी भिंतीवरून काढून माझ्या हातात दिली. भांडणाबद्दल एक शब्द बोलल्या नाहीत. "न्या तुम्ही, भाऊजी," म्हणाल्या. "मला ती बघवत नाही, आणि टाकवतही नाही." घरी लावायची माझी हिंमत होईना. दोन आठवडे ती गाडीच्या मागच्या सीटवर पडून होती. मग एका रविवारी मी ती घेऊन चर्चच्या तळघरात गेलो. शिरीषचा वर्ग घ्यायला दुसरं कोणी नव्हतं.

पाटी फळ्याला टेकवून ठेवली. मुलांनी विचारलं तेव्हा सांगितलं की पुलावर किती वजन चालेल ते यावर लिहिलेलं असतं. मग तन्वी उठली आणि अगदी जपून, शब्द जुळवत म्हणाली, "काका, शिरीषकाका गेले ना, तेव्हा आपण इथे खूप रडलो."

मी मान हलवली. म्हणालो, "हो बाळा." आणि वही उघडली. पण मुलं माझ्याकडे बघतच राहिली, काहीतरी राहून गेल्यासारखी. शेवटी तन्वीनंच मला समजावलं, "काका, यू फर्गॉट. मी राँग बोलले. आता तुम्ही विचारायचं, मग मी कुठे होतो?"

सगळा वर्ग ओरडायला तयार होऊन बसला होता. मला तो प्रश्न विचारता आला नाही.