पानापानावरची छापील वाक्यं
लॅमिनेशनचा वास आला की मुलुंडमधलं ते घर आठवतं. मुलीला शाळेत न घालता घरीच शिकवायचं ठरवून बायको आणि मी अभ्यासक्रमाचे संच विकणाऱ्या एका बाईंकडे गेलो होतो. जमिनीवर रंगीत कार्डं पसरली होती, मुलगी त्यांतले हत्ती वेचत होती आणि मी भाव पाडत होतो. "शिकवणार कोण?" बाईंनी विचारलं. "मी." "तुमचं शिक्षण?" "दहावी नापास." त्यांनी दुसरा संच पुढे सरकवला. "मग हा घ्या. पालकांनी काय बोलायचं ते पानापानावर छापलंय." मी भडकलो. "बाई, बोलण्यावर धंदा उभा केलाय मी! पोटच्या पोरीशी काय बोलायचं, ते तुम्ही छापून देणार?" तर बायको म्हणाली, "अहो, हाच घेऊ या ना." मुलगी आता फाडफाड वाचते. बाईंना मी केव्हाच माफ केलं. बायकोचं ते वाक्य मात्र अजून सलतं.