गाठीचं कारण

अक्काच्या डोक्याला नव्या मशीनचा एक ताप पुरेसा होता. त्यात ही वहीवाली येऊन बसली.

अक्का म्हणजे हॉस्पिटलच्या धुलाईघराची मुकादम. तीस वर्षं तिथंच गेली. आधी हौदावर चादरी आपटल्या, मग इस्त्रीच्या टेबलाशी उभी राहिली, आणि आता सात बायकांवर देखरेख करत होती. आवाज असा, की ड्रम फिरत असताना एकीला हाक मारली तरी तिघी दचकायच्या. तिला कुणी "का?" म्हणून विचारलेलं अजिबात खपायचं नाही. चादर मळली की धुवायची, वाळली की घडी घालायची. त्यात का कसलं आलंय डोंबलाचं!

आणि या वहीवालीला तर दुसरं काही विचारताच येत नव्हतं. विद्यापीठातली पोर, बोलायला गोड, हातात जाडजूड वही. माणसं आपल्या कामाच्या जागी कशाला काय अर्थ देतात, हा म्हणे तिचा अभ्यास. सहा महिने ती मळक्या चादरींच्या ढिगाशेजारी स्टूल टाकून बसली होती. एकदा म्हणाली, "ही ट्रॉली डावीकडेच का लावता?" अक्का म्हणाली, "उजवीकडे भिंत आहे." पोरीनं तेही लिहून घेतलं. अक्कानं कपाळावर हात मारला.

पण पोर खरी रुतली ती गाठीपाशी. वॉर्डात कुणी गेलं, की त्या पलंगाची चादर खाली टाकताना आया तसं सांगायची. मग चादरी निवडणारी बाई त्या चादरीच्या कोपऱ्याला गाठ मारायची. गाठीसकट चादर धुतली जायची आणि इस्त्रीच्या वेळी ती सोडायची, अशी इथली रीत. वहीवालीनं एकेकीला बाजूला घेऊन विचारलं. एक म्हणाली, ती चादर दोनदा धुवायची असते, त्याची खूण. दुसरी म्हणाली, एवढं माणूस गेलं, खाली कुणाला कळायला नको का? तिसरी म्हणाली, मी आले तेव्हापासून बघतेय, नाही मारली तर दिवसभर चुटपुट लागते.

"मग यातलं खरं कोणतं?" अक्कानं विचारलं.

"सगळंच खरं, अक्का."

"अगं, सगळंच कसं खरं असेल? चादर एक, कोपरा एक, गाठ एक!"

"ती सुरू कशी झाली ते वेगळं. आज यांच्या मनात ती काय आहे, ते मी शोधतेय."

"शोध बाई, शोध. मी साबण कुठं ठेवला ते शोधते."

अक्का चिडायची, कारण खरं काय ते तिला पक्कं ठाऊक होतं. पहिली गाठ तिनंच मारली होती. अकरा वर्षांपूर्वी एका चादरीचा कोपरा फाटला होता, ती शिंप्याकडे पाठवायची होती, म्हणून खुणेला गाठ. बस्स, विषय संपला. पण ती चादर निघाली आठ महिने वॉर्डात पडून असलेल्या एका म्हाताऱ्याची, आणि तो त्याच सकाळी गेला होता. बायकांनी बघितलं आणि भलतंच धरून बसल्या. पुढच्या वेळी कुणीतरी आपणहून गाठ मारली. अक्काच्या लक्षात येईपर्यंत दोन महिने उलटले होते. आता कुठं समजावत बसा, म्हणून ती गप्प राहिली आणि फाटक्या चादरींना लाल दोरा बांधायला लागली.

नव्या मशीनमुळे मात्र घोळ झाला. त्यात ड्रममधून निघालेली चादर थेट गरम रोलरवर जायची. एक दिवस एक गाठ सोडायची राहिली, रोलरमध्ये अडकली आणि मशीन दोन तास ठप्प. ऑपरेशन थिएटरला चादरी उशिरा पोचल्या. साहेबांनी अक्काला बोलावून घेतलं.

"या गाठी कशासाठी? शुक्रवारपर्यंत लेखी कारण द्या. नाहीतर सोमवारपासून गाठ बंद, आणि जी मारेल ती कायमची घरी."

अक्काला मनातून बरंच वाटलं. चला, एकदाची ब्याद टळली! पण बायका हटून बसल्या. आम्ही मारणारच, म्हणाल्या. आणि सगळ्यांत पुढं कोण? अक्काची धाकटी जाऊ! घरात कधी वर मान करून बोलली नाही ती बाई. नवरा तीन वर्षांपूर्वी याच हॉस्पिटलात गेला, पदरात दोन मुली, आणि ही नोकरीसुद्धा अक्कानंच हातापाया पडून मिळवून दिलेली. "काढलं तर काढू देत," म्हणे.

शुक्रवारी सकाळी तिनं ड्रम बंद करायला लावले.

"अगं बायांनो, डोकी फिरलीत का तुमची? ती पहिली गाठ मी मारली होती. चादर फाटली होती म्हणून! शिंप्याला कळावं म्हणून! कुणाच्या मरणाशी तिचा काही संबंध नव्हता. अकरा वर्षं शिंप्याची खूण मारताय, आणि तिच्यापायी पोटावर पाय आणून घेताय?"

वहीवालीचं पेन थांबलं. मग जाऊ पुढं आली.

"ताई, तुमची गाठ शिंप्यासाठी असेल," ती म्हणाली. "हे गेले, त्यानंतर पंधरा दिवसांनी मी कामावर आले. या सगळ्या मला म्हणाल्या, चादर खाली आली तेव्हा गाठ मारली होती गं, आम्ही मारली होती. तुम्ही काय म्हणालात, आठवतंय?"

अक्काला आठवत होतं. ट्रॉली भर, म्हणाली होती. सख्खा दीर गेला होता आणि जावेशी काय बोलायचं ते तिला सुचलं नव्हतं.

"मला तेवढी गाठच मिळाली होती," जाऊ म्हणाली आणि पुन्हा चादरी निवडायला बसली.

दुपारी अक्कानं साहेबांच्या टेबलावर कागद ठेवला. कारण मला सांगता येत नाही, असं तिनं लिहिलं होतं. रोलरवर जाण्याआधी प्रत्येक गाठ मी स्वतः सोडीन, एक जरी राहिली तरी मला घरी पाठवा. साहेब बराच वेळ कुरकुरले आणि सही केली.

सोमवारी दोन गाठी आल्या. पहिली सुटली. दुसरी ओली, कचकचून मारलेली, नख तुटलं तरी हलेना.

"कुणी मारली गं ही? हाताला काय लोखंड लावलंय का?" अक्का ओरडली. मग जरा थांबून तिनं विचारलं, "कुणाची आहे?"

अकरा वर्षांत तिनं हे कधी विचारलं नव्हतं. जावेनं मान वर केली.

"खिडकीजवळच्या आजींची. भाचा यायचा होता त्यांचा. नाही पोचला."

अक्काचे डोळे भरून आले होते आणि त्याचाच तिला भयंकर राग आला होता. शेजारी वहीचं पान उलटल्याचा आवाज झाला.

"खबरदार लिहिलंस तर!" अक्का तिच्यावर खेकसली, आणि मान खाली घालून पुन्हा गाठ सोडवायला लागली.