अल्बममध्ये न आलेली सनई

माझ्या वडिलांचा आवाज आता इंटरनेटवर कुणालाही ऐकता येतो. त्या आवाजात ते एका मोठ्या संगीतकाराला सांगतात, "तुमचं पिच्चर गेलं उडत." लोकांना ते फार आवडतं. भोरच्या एसटी स्टँडवर आबा गाडीची वाट बघत उभे असले, की कुणीतरी पाठीमागून मोबाईलवर ते वाक्य लावतं आणि चारचौघं हसतात. आबा मागे वळून बघत नाहीत. मी मात्र वळून बघते, आणि बघितल्यावर मला जे करावंसं वाटतं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

आमचं माहेरचं घर उत्रोलीचं. आबा आणि काका, दोघे सख्खे भाऊ, दोघे सनई वाजवायचे. पण दोघांचं वाजवणं सारखं नव्हतं. आबा थोरले, म्हणून धून त्यांची. काका शेजारी बसून दुसऱ्या सनईवर एकच सूर धरायचे, सुरू झाल्यापासून संपेपर्यंत तोच. लग्न असो, देवळातला उत्सव असो, मांडवातल्या लोकांची नजर आबांवर असायची. काकांचे गाल तेवढे फुगलेले दिसायचे. मला लहानपणी वाटायचं, काकांना वाजवताच येत नाही.

काही वर्षांपूर्वी भोरला एका सिनेमाचं शूटिंग आलं. त्यात नवी काही गोष्ट नव्हती, आमच्याकडं शूटिंगच्या गाड्या येतजात असतात. पण ह्या सिनेमाचा संगीतकार स्वतः आला होता. उत्रोलीतल्या एका लग्नात त्यानं आबांची सनई ऐकली आणि म्हणाला, मला माझ्या पार्श्वसंगीतात हाच आवाज पाहिजे, स्टुडिओतला नको. भोरमधलं एक मंगल कार्यालय त्यांनी भाड्यानं घेतलं, खिडक्यांना गाद्या लावल्या, माईक मांडले. दोघा भावांना बोलावलं.

मी तेव्हा लग्न होऊन विंझरला गेलेली होते. त्या दिवशी तिथं नेमकं काय झालं ते मला कुणी सांगितलं नाही. पुढच्या वेळी माहेरी गेले तेव्हा दोन घरांच्या मधल्या अंगणात पत्र्याचं कुंपण उभं होतं.

"काय झालं?" मी विचारलं.

"तुझ्या चुलत्याशी आजपास्नं बोलायचं न्हाई," आबा म्हणाले. "त्याच्या घरचं पानी बी प्यायचं न्हाई."

आईकडून तुकड्यातुकड्यानं कळलं ते एवढंच. सिनेमात एका लग्नाचा प्रसंग होता. मांडवात नवरी उभी आहे, आणि तिला बाप गेल्याची बातमी कळते. संगीतकाराचं म्हणणं, तिथं सनईचा दम मधेच तुटला पाहिजे, वाजवणाऱ्याला श्वास पुरला नाही असा. आबांनी नकार दिला. सनईवाला नाकानं श्वास घेत राहतो आणि सूर तुटू देत नाही, हीच तर त्याची सगळी विद्या. ती मोडून दाखवायची म्हणजे स्वतःच्या हातानं स्वतःचं नाक कापायचं. आबा उठून चालू लागले. काका बसून राहिले, आणि पाहिजे होतं तसं त्यांनी वाजवलं.

मी आबांच्या बाजूची झाले. विचार करून नव्हे, मुलगी म्हणून. काकूंनी हळदीकुंकवाला बोलावलं तर मी गेले नाही. काका रस्त्यात दिसले तर मी तोंड फिरवलं. काकाही कमी नव्हते. चहाच्या टपरीवर बसून सांगायचे, "पिच्चरमदी माझी सनई हाय. अल्बममदी बी येनार. ज्याला ऐकायचंय त्यानं ऐकावी." हे कुणाला ऐकवण्यासाठी चाललंय ते सगळ्या गावाला कळत होतं.

सिनेमा आला. मी मोबाईलवर बघितला. लग्नाच्या प्रसंगात सनई होती, पण नवरी मोठमोठ्यानं बोलत होती आणि तिच्या बोलण्याखाली ती जेमतेम ऐकू येत होती. मग अल्बम आला. त्यात गाणी होती, एक नुसत्या वाद्यांचा तुकडाही होता, पण तो व्हायोलिनचा. सनईचा एक सूरसुद्धा नव्हता. मी फोन करून आबांना सांगितलं.

"न्हाई म्हंतीस?" आबांनी दोनदा विचारून घेतलं. मग ते हसले. खूप दिवसांनी हसत होते, पण ते हसणं ऐकून मला बरं वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी ते मुद्दाम त्याच टपरीवर गेले आणि काकांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात टपरीवाल्याला म्हणाले, "जरा त्यो अल्बम लाव की. आमच्या भावाची सनई ऐकू दे सगळ्यास्नी."

काका चहा तसाच ठेवून उठून गेले. त्यानंतर टपरीवर जाणं त्यांनी सोडलं.

दोन-तीन वर्षं अशीच गेली. मग एका मुलानं ते रेकॉर्डिंग बाहेर काढलं.

हा पुण्यातला कुणी नोकरदार. सिनेमांचं जे संगीत अल्बममध्ये येत नाही, कधीच बाजारात येत नाही, ते शोधून जमवायचं आणि इंटरनेटवर टाकायचं, हा त्याचा छंद. कुठल्याशा बंद पडलेल्या स्टुडिओची हार्ड डिस्क त्याच्या हाती लागली होती. त्यात भोरच्या त्या दिवसाचं सगळं होतं, न कापलेलं. माईक चालूच राहिले होते. म्हणून आबांचं ओरडणंही त्यात होतं. त्यातलं "पिच्चर गेलं उडत" हे वाक्य कुणीतरी वेगळं काढलं, त्यावर नाचणाऱ्या म्हाताऱ्याचं चित्र चिकटवलं, आणि ते गावोगाव पोचलं.

मी त्या मुलाचा नंबर मिळवला.

"ते काढून टाका," मी म्हटलं. "माझे वडील आहेत ते."

"अहो ताई, पण ही किती दुर्मिळ गोष्ट आहे! हे कुठंच मिळत नाही."

"लोक हसतायत त्यांना."

"ती क्लिप मी नाही केली. मी फक्त संगीत टाकलंय. संगीत लोकांपर्यंत पोचलं पाहिजे ना?"

"तुमच्या वडिलांचं भांडण पोचवा की मग लोकांपर्यंत."

त्यानं फोन ठेवला. मी रोज मेसेज करत राहिले. आता आठवलं तर त्यातले काही मेसेज फारच घाणेरडे होते, पण मला त्याची लाज वाटत नाही.

शेवटी आबाच म्हणाले, "काय हाय ते सगळं ऐकव मला."

मी विंझरहून नसरापूरला आणि तिथून भोरला गेले, उत्रोलीला पोचले तेव्हा दुपार होती. ओट्यावर बसून मी मोबाईल लावला. आधी दोघांचं वाजवणं, मग संगीतकाराचं समजावणं, मग आबांचं ओरडणं आणि दार आपटल्याचा आवाज. त्याच्या पुढचं मीही नीट ऐकलेलं नव्हतं. संगीतकार म्हणाला, "आता काय करायचं?" आणि काकांचा आवाज आला, "म्या वाजवतो की. त्यो म्हातारा तसलाच हाय. गावात बी कोन बोलवत न्हाई त्याला आता." एवढं बोलून काका हसले. खोलीतली बाकीची माणसंही हसली.

मग काकांनी वाजवलं.

मला सनईतलं फार कळत नाही, पण अंगावर काटा आला. सूर चढत गेला, आता मोडणार असं वाटलं, सावरला, आणि जिथं अपेक्षा नव्हती तिथं तुटला. त्या तुटण्यात घरातलं माणूस गेल्याची खबर होती. आबा मांडीवर हात ठेवून ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "परत लाव. बोलनं नको, वाजवलेलं लाव."

मी लावलं. ते ऐकलं, उठले, आणि पत्र्याच्या कुंपणाला वळसा घालून काकांच्या दारात उभे राहिले. मी मागोमाग गेले. काका पायरीवर शेंगा निवडत होते.

"मला कोन बोलवत न्हाई, असं म्हनालास तू?" आबांनी विचारलं.

काकांनी वर बघितलं. "म्हनालो. खोटं हाय का?"

"खोटं न्हाई. पन त्या परक्या मानसांम्होरं हसायची काय गरज व्हती?"

काकांनी सूप बाजूला सारलं. "दादा, तुमी उठून गेला तवा माझ्याकडं बगितलं तरी का? चल म्हनाला का? उभा जलम म्या तुमच्या शेजारी बसून एक सूर धरला. एकदा तरी म्हनाला, आज तू वाजव?"

"वाजवायचं व्हतं तर मागायचं."

"भावाकडं मागायचं?"

काकूही चुलीपासून उठून दारात आल्या होत्या, पण कुणी मधे पडलं नाही.

"वाजवलंस चांगलं," आबा शेवटी म्हणाले. "मला आलं नसतं तसं. ते सांगाया आलो न्हवतो, पन सांगतो."

"सांगून झालं असंल तर जावा," काका म्हणाले आणि सूप परत पुढ्यात ओढलं.

घरी आल्यावर आबांनी मला त्या मुलाला फोन लावायला सांगितला. माझं त्याच्याशी बोलायचं मन नव्हतं, आणि माझा नंबर बघून त्यानंही तो सहजी उचलला नाही. उचलल्यावर मी आबांचा निरोप सांगितला: रेकॉर्डिंग राहू दे, ओरडण्याचा भाग काप, आणि खाली वाजवणाऱ्याचं नाव लिही. वाजवणारा म्हणजे काका. आबांचं नाव कुठंही नको.

त्यानं नाव लिहिलं. ओरडणं कापलं नाही, म्हणाला, मूळ रेकॉर्डिंगला कात्री लावणं त्याच्या तत्त्वात बसत नाही.

आता अधूनमधून पुण्याकडची माणसं उत्रोलीत येतात, पाठीला पिशव्या, हातात कॅमेरे. ज्याची सनई कुठल्याच अल्बममध्ये नाही तो माणूस कुठं राहतो, विचारतात. ओट्यावर आबा बसलेले असतात, म्हणून पहिल्यांदा त्यांनाच विचारतात. आबा नुसता हात उचलून पलीकडचं दार दाखवतात. काका त्या लोकांना आत घेतात, चहा पाजतात, वाजवूनही दाखवतात. पत्रा अजून आहे. दोघे भाऊ अजून एकमेकांशी बोलत नाहीत. मीही काकांशी बोलत नाही. त्यांचं म्हणणं मला पटलंय, सगळं पटलंय, तरी त्या हसण्याचा राग माझ्या मनातून गेलेला नाही.