साडूभाऊंचे परदेश

आमच्या साडूभाऊंनी मला जेवढे धक्के दिले, तेवढे आजवर दुसऱ्या कुणीही दिलेले नाहीत, आणि ते सगळे त्यांनी मला आग्रहानं जेवायला बसवून दिले. साडूभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. केजला त्यांचं भांड्यांचं दुकान आहे. हा माणूस सोलापूरच्या पलीकडे कधी गेला नाही, आणि सोलापूरला गेला तोही पातेली आणायला. पण दर रविवारी त्यांच्या घरात एकेक परदेश शिजतो. दुकानात गिऱ्हाईक नसलं की डब्यांच्या उतरंडीआड बसून ते मोबाईलवर कुठकुठल्या मुलखातल्या बायकांचा स्वयंपाक बघतात आणि शनिवारी संध्याकाळी घरात हुकूम सुटतो. मग आमची मेव्हणी पीठ भिजवते, त्यांची एकुलती एक लेक, म्हणजे आमची भाची, चिरायला बसते आणि साडूभाऊ खांद्यावर पंचा टाकून गॅसपुढं उभे राहतात. त्या दिवशी घरात भाकरी मिळत नाही. चुकून एखाद्या पाहुण्यानं मागितलीच, तर त्यानं दुकानातला चमचा खिशात घातल्यासारखे ते त्याच्याकडे बघतात.

मी पहिल्यांदा या तडाख्यात सापडलो तो इटलीचा रविवार होता. अंगणातल्या कपड्यांच्या दोरीवर साडूभाऊंच्या बनियनशेजारी कणकेच्या लांबलचक पट्ट्या वाळत होत्या. शेजारच्या काकू भिंतीवरून डोकावून मेव्हणीला विचारत होत्या, "भर पावसाळ्यात शेवया कावून करायलात वो?" मेव्हणी बिचारी काय सांगणार? पुढं मेक्सिको आला. त्या दिवशी कोंबडीच्या रश्श्यात यांनी चॉकलेट घातलं. मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं म्हणून सांगतो, नाहीतर मीही विश्वास ठेवला नसता. माझ्या बायकोनं त्यानंतर कितीतरी दिवस कोंबडीचं नाव काढलं नाही, आणि चॉकलेटचंही. पण जपाननं मात्र कहर केला. भात गुंडाळायला समुद्रातलं शेवाळ लागतं म्हणे. ते केजच्या बाजारात कुठून मिळणार? साडूभाऊंनी परसातली अळूची पानं तोडली आणि कच्चीच गुंडाळली. दोन घासांत सगळ्यांचे घसे असे खाजायला लागले की कुणाच्या तोंडून शब्द फुटेना. साडूभाऊंच्याही डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण माणूस हार मानणाऱ्यातला नव्हे. चिंच चोखून आवाज परत आल्यावर ते म्हणाले, "जपानी माणूस लई शांत असतो, पाव्हणं. आता कळलं कावून ते."

एवढं सोसूनही मी तिथं जात राहिलो, कारण बापलेकीची त्या स्वयंपाकघरातली जुगलबंदी बघण्यासारखी असायची. ती म्हणायची, "बाबा, मीठ जास्त झालंय." हे म्हणायचे, "त्या देशात उन्हाळा लई असतो, मीठ लागतंच." अन्न कसंही असो, त्या घरात सगळे एकदम जेवायला बसत. आमच्या घरांतून पुरुष उठल्यावर बायका बसतात, तिथं मेव्हणी साडूभाऊंच्या शेजारी मांडी घालून बसे. मला त्याचंही पहिल्यांदा नवलच वाटलं होतं.

अशा या भाचीसाठी कडा गावचं एक स्थळ मीच आणलं. मुलगा जनावरांच्या दवाखान्यात नोकरीला, घर चांगलं, फक्त वडील करारी. मुलगा, त्याचे आई-वडील असे तिघं बघायला यायचे होते, आणि मुलाला सुट्टी नेमकी रविवारची. मी साडूभाऊंना फोन करून गयावया केली, "साडूभाऊ, हा एक रविवार भारतात राहा. पुरणपोळी, येसराची आमटी, बास." ते म्हणाले, "बगू."

रविवारी पाहुण्यांना घेऊन आत गेलो आणि मी दारातच थिजलो. सतरंजीवर लग्नघरात कणीक मळायला वापरतात तेवढी थोरली परात. तिच्यात बाजरीचं पीठ आंबवून केलेलं, जाळी पडलेलं, परातभर एकच धिरडं. त्यावर डाळींचे आणि भाज्यांचे ढीग. शेजारी ताट नाही, वाटी नाही. ज्याच्या दुकानात ताटांच्या थप्प्या छताला लागतात, त्याच्या घरात पाहुण्यांपुढं एक ताट नव्हतं!

"ताटं?" मी पुटपुटलो.

"हेच ताट. आज इथिओपिया हाय," साडूभाऊ म्हणाले. "तिकडं सगळे एकातच जेवतात."

मुलाचे वडील ताठ झाले. "एकात? एकमेकांचं उष्टं? आन् बाया?"

"बायाबी संगंच. आन् पाव्हण्याला पहिला घास आपल्या हातानं चारायचा असतो."

आश्चर्यानं त्या गृहस्थांचं तोंड उघडंच राहिलं होतं. साडूभाऊंनी संधी साधली आणि घास आत सारला. मुलगा पायाच्या अंगठ्याकडे बघत बसला. मी उंबऱ्याबाहेर माझ्या चपला कुठं आहेत ते बघून ठेवलं. सोयरीक तर गेलीच, पण माझं कड्याच्या वाटेला जाणंही संपलं, याबद्दल मला शंका उरली नव्हती. गृहस्थ बराच वेळ चावत राहिले. मग म्हणाले, "आंबट हाय." आणि थोड्या वेळानं, "पण बरं हाय." आणि त्यांनी परातीत हात घातला.

मुलाची आई अजून भिंतीला टेकून उभी होती. ती पदर सावरत हळूच येऊन बसली. "लगीन झाल्यापसून यांच्या संगं एकदाबी जेवले न्हाई मी," ती कुणाकडेच न बघता म्हणाली. मग तिची नजर पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या असलेल्या आमच्या भाचीकडे गेली. "तू कावून उभी गं? सकाळधरनं आमच्यापायी राबायलीस. बस." तिनं धिरड्याचा तुकडा मोडला, डाळीत बुडवला आणि पोरीच्या तोंडात घातला.

साडूभाऊ उठून आत गेले. त्यांना चांगलं झापायचं म्हणून मीही मागोमाग गेलो. ते पंच्यानं डोळे पुसत होते.

"साडूभाऊ, आजच्या दिवशी असला जुगार?"

"पाव्हणं, लोक म्हणतेत पोरगी चालून दावा, बोलून दावा. मी कुणाला काय दावा म्हणायचं? माझ्या पोरीला तिथं कुणी 'जेव' म्हणंल का, तेवढंच मला बगायचं व्हतं."

"आणि म्हटलं नसतं तर?"

"तर दिली नसती," ते शांतपणे म्हणाले.

त्यांनी मला दिलेला हा सगळ्यात मोठा धक्का, आणि तो मला आवडला.

लग्न झालं. भाची कड्याला रमली आहे. केजच्या घरात आता दोघंच उरलीत, पण साडूभाऊंचा हात अजून तिघांच्याच अंदाजानं पीठ काढतो, त्यामुळे रविवारी आम्हा नवराबायकोला बोलावणं ठरलेलं. काय पुढ्यात येईल याची धास्ती मला अजूनही वाटते. वाढून झालं की साडूभाऊ कड्याला फोन लावतात. विहीणबाई आज सूनबाईनं काय केलं ते कौतुकानं सांगत राहतात. साडूभाऊ सगळं ऐकून घेतात, हसतात, आणि मग आवाज खाली आणून विचारतात, "आन् ती? जेवली का ती?" पलीकडून "व्हय, आमच्या संगंच बसलीय" असं येईपर्यंत ते घासाला हात लावत नाहीत, आणि आम्हीही थांबतो.