काकांचे पेढे
वेलचीचा वास आला की मला कमिटी रूमबाहेरचे ते काका आठवतात. इथे परदेशात आमच्या कौन्सिलच्या, म्हणजे नगरपालिकेच्या, कॅबिनेटने आमच्याकडचं म्हाताऱ्यांचं डे सेंटर बंद करायचं ठरवलं होतं, आणि मी कौन्सिलर म्हणून कॅबिनेटचे निर्णय तपासणाऱ्या ज्या स्क्रूटिनी कमिटीवर होते, तिच्यापुढे काका बोलायला आले होते. काकू गेल्यापासून त्यांचं दुपारचं जेवण तिथेच व्हायचं. बोलून झाल्यावर त्यांनी सगळ्यांना जयभीम केला. आम्ही एकमताने निर्णय फेरविचारासाठी परत पाठवला. बाहेर कॉरिडॉरमध्ये, भिंतीवरच्या गरम रेडिएटरवर वाळत टाकलेल्या कोटांच्या कुबट वासात, काकांनी डबा उघडून पेढे वाटायला घेतले. मी म्हटलं, "काका, निर्णय आम्हाला बदलता येत नाही, नुसता परत पाठवता येतो." "कुणाकडे?" "ज्यांनी घेतला त्यांच्याकडेच." त्यांनी डब्याचं झाकण हळूच लावलं. "पण सगळे तर माझ्याच बाजूने बोलले गं," ते म्हणाले. कॅबिनेटने तोच निर्णय कायम केला, चर्चासुद्धा न करता. मी अजून त्याच कमिटीवर आहे. आज आम्ही एका लायब्ररीचा निर्णय परत पाठवला, एकमतानेच, आणि मागे बसलेल्या एक आजी कितीतरी वेळ टाळ्या वाजवत राहिल्या.