तिएरमामाची पहिली चिमणी

न्यूयॉर्कच्या आभाळात, बांधत असलेल्या उंच इमारतीच्या पोलादी तुळईवर पाय सोडून तिएरमामा निवांत डबा खायचा. आमच्या काह्नावागे या मूलनिवासींच्या गावातले निम्मे पुरुष पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आले आहेत, त्यामुळे त्याचं कौतुक कुणालाच नव्हतं. पुढे गुडघा गेला, मामा कायमचा गावी परतला आणि माझ्या आईच्या, म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीच्या, स्वयंपाकघरात ठाण मांडून बसला. तिथल्या टेबलाशी आई आणि सेसीलमावशी मणीकाम करायच्या. मामा काहीच करायचा नाही, फक्त दोघींचे रंग कसे चुकले ते सांगायचा.

"बसायचं तर हात चालव," आई एकदा म्हणाली आणि मखमलीचा तुकडा, सुई आणि मण्यांच्या बशा तिने त्याच्यापुढे सरकवल्या. "टाचण्या खोचून ठेवायची उशी कर. चिमणीच्या आकाराची."

आमच्याकडचे मणी कापडावर सपाट झोपत नाहीत. जागेला हवेत त्याहून थोडे जास्त ओवायचे, म्हणजे ओळ कमानीसारखी वर उठते आणि पान, पंख, स्ट्रॉबेरी हाताला फुगीर लागते. जास्त ओवायचे हे मामाला कळलं. थोडे, हे कळलं नाही. लाकडाचा भुसा भरून चिमणी तयार झाली तेव्हा पंखांच्या जागी कुबड होतं आणि एक डोळा कपाळावर चढला होता.

"हिला गलगंड झालाय का रे?" सेसीलमावशीने विचारलं.

"गाणं म्हणायच्या आधी छाती फुगवलीय तिने," मामा म्हणाला. "तुला गाण्यातलं काय कळतं?"

त्या दिवसापासून चिमणी मामाच्या खिशात. पेट्रोल पंपावर, न्हाव्याकडे, एका मयतालासुद्धा ती जाऊन आली. इतकी देखणी वस्तू आपल्या हातून झाली यावर त्याचा स्वतःचाच विश्वास बसत नव्हता. आमचाही बसत नव्हता, पण कारण वेगळं.

अडचण एकच होती. आमच्यात पहिलं काम स्वतःकडे ठेवत नाहीत. ते देऊन टाकायचं, तरच हात पुढे चालतो.

"ही पहिली नाहीच," मामा म्हणाला. "ही तालीम."

"तालमीला डोळे नसतात," आई म्हणाली. "देऊन ये. तोवर सुईला हात लावायचा नाही."

सुई गेली आणि मामाचा दिवस सरेना. चिमणी करत होता तेव्हा त्याला सकाळी उठायला काहीतरी निमित्त होतं. आता तो खिडकीशी उभा राहून पुलावरच्या गाड्या बघायचा. शेवटी चिमणी घेऊन निघाला तो जुना सोबती अतोन्वा याच्याकडे, आणि तासाभरात चिमणीसकट परत.

"त्याच्याकडे कुत्रा आहे. नजर बरी नव्हती."

"कुत्र्याची?"

"दोघांची."

शहरातल्या भाचीच्या घरात ऊन फार, मखमल विटली असती. पाद्रीबाबांना देणारच होता, पण त्यांनी ती हातात घेऊन "बेडूक छान जमलाय" म्हटलं, तेव्हा त्याने ती जवळजवळ हिसकावूनच घेतली.

मग एका रविवारी, मक्याची भाकरी आणि रस्सा पानात पडायच्या आत, त्याने चिमणी आईच्या ताटाशी ठेवली.

"ताई, ही तुला. अगदी मनापासून."

डाव आम्हा सगळ्यांना कळला. मामा तिन्ही त्रिकाळ इथेच जेवायचा, म्हणजे चिमणी नजरेसमोरच राहणार. पण दिलेली वस्तू नाकारत नाहीत. आईने ती दोन्ही हातांत घेतली, उलटीसुलटी करून बराच वेळ पाहिली.

"चांगली झालीय," ती म्हणाली.

मामाने एकदम नाक शिंकरलं. आईच्या तोंडून हा शब्द सहसा कुणाला मिळत नाही.

जेवणं झाली. आईने टेबल पुसलं, आपल्या कामाच्या टाचण्या काढल्या आणि ती एकेक करून चिमणीच्या पोटात खुपसायला लागली.

"अगं ताई! काय करतेस?"

"उशी आहे ना?"

"हळू तरी!"

"माझी आहे," आई म्हणाली आणि सुई त्याच्यापुढे ठेवली. "बोल, आता काय करणार?"

मामाने चिमणीकडे बघायचं टाळलं. "फोटोची चौकट. तिच्यात कुणी काही टोचत नाही."

"कर. मणी जरा कमी ओव."

मामाने खुर्ची थोडी भिंतीकडे वळवून घेतली आणि धाग्याला मेण लावायला सुरुवात केली.