अंधारातला काजवा आणि श्रुती

श्रुती रत्नागिरीत नेमकं काय करते, ते राजापूरकडच्या तिच्या गावात कुणालाच धड सांगता येत नसे. वडील रामजी जाधव, निवृत्त शाळामास्तर, "संशोधन" म्हणून मोकळे होत. आई कमलाबाईंना तो शब्द कोरडा वाटे. त्या म्हणत, "आमची श्रुती काजव्यांचं काम करते."

त्यात खोटं काहीच नव्हतं. काजवा चमकतो तो त्याच्या अंगातल्या ल्युसिफरेज नावाच्या प्रथिनामुळे. ते बनवणारं काजव्याचं जनुक श्रुती प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींमध्ये घाले. पेशींनी प्रथिन बनवलं, की वरून ल्युसिफेरिन नावाचं रसायन सोडायचं. मग मंद उजेड पडतो आणि यंत्र तो मोजतं. कोकमाच्या सालीचा अर्क दिल्यावर ज्याच्या कळीला काजव्याचं जनुक जोडलं होतं ते पेशींमधलं एक ठरावीक जनुक जागं होतं का, हे तिला त्या उजेडावरून ओळखायचं होतं.

कमलाबाईंचं म्हणणं गावाने मात्र शब्दशः घेतलं. मे महिन्यात शेजारचे भिकाजीकाका कोर्टाच्या कामाला रत्नागिरीला आले, ते प्रयोगशाळेच्या दारात लोणच्याची बरणी घेऊनच उभे राहिले. झाकणाला भोकं, आत पाला आणि पाल्यात काजवे.

"तुझ्या कामाला आणलेत गो. लागले तर आणखी पाठवतो."

श्रुतीला हसू आवरेना, पण काकांना नको कसं म्हणायचं? तिने त्यांना कॅन्टीनमध्ये चहा-भजी दिली आणि संध्याकाळी काजवे मागच्या झाडीत सोडले. तिचे मार्गदर्शक गुरुप्रसाद सर पुढे आठवडाभर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, "आमचा कच्चा माल थेट गावाहून येतो!"

काजवे चमकत होते. पेशी मात्र ढिम्म. ज्या पेशी अर्काशिवायही हमखास उजळायला हव्यात, त्यासुद्धा अंधारात. तीनदा करून पाहिलं तरी यंत्रावर शून्याच्या आसपासचेच आकडे.

"जनुक आत गेलंच नसेल," सर म्हणाले. "पुन्हा पहिल्यापासून करावं लागेल."

पहिल्यापासून म्हणजे दोन महिने पाण्यात. श्रुती खोलीवर आली ती तोंड पाडूनच. कमलाबाई तेव्हा चार दिवस लेकीकडे राहायला आल्या होत्या. ताटात बांगड्याचं तिखलं वाढून त्यांनी विचारलं, "काय झालं गो?"

श्रुतीने सगळं सांगितलं. मग स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "फ्रीजमध्ये एक अँटिबॉडी आहे. ती लावून बघावी म्हणते."

"ती आणि काय?"

"आपल्या शरीरात रोगाशी लढायला अँटिबॉडी तयार होतात ना, तसलीच. फक्त ही एकाच पेशीपासून वाढवलेली, म्हणून सगळ्या हुबेहूब सारख्या. काजव्याच्या प्रथिनावरची एकच जागा ओळखतात आणि तिथेच चिकटतात."

कमलाबाईंनी तिच्या ताटात आणखी भात वाढला. "म्हणजे काजवा पेटला नाय तरी तो आहे का नाय ते कळतं?"

श्रुतीचा घास हातातच राहिला. "आई, अगदी हेच!"

"मग बघ की. रडतेस कशाला?"

दुसऱ्या दिवशी सरांनीही होकार दिला. श्रुतीने पेशी फोडून त्यातली प्रथिनं आकाराप्रमाणे वेगळी केली, कागदासारख्या पातळ पडद्यावर उतरवली आणि त्यावर ती अँटिबॉडी सोडली. एका बाजूला जनुक न घातलेल्या पेशींची प्रथिनं होती, शेजारी जनुक घातलेल्यांची. शेवटी फोटो काढला. पहिली जागा कोरी. दुसऱ्या जागी, जिथे असायला हवी तिथेच, अँटिबॉडी चिकटल्याची ठसठशीत काळी पट्टी!

"सर, आहे! प्रथिन आहे!" ती एवढ्या मोठ्याने ओरडली की शेजारच्या खोलीतले लोक डोकावून गेले.

सरांनी फोटो दोनदा न्याहाळला. "म्हणजे पेशींनी त्यांचं काम चोख केलंय. मग उजेड का नाही?"

दोघांच्या नजरा एकदमच फ्रीझरकडे वळल्या. एप्रिलमध्ये केबल जळून इमारतीची वीज दोन दिवस गेली होती आणि उष्णतेने खराब होणारं ल्युसिफेरिन त्याच फ्रीझरमध्ये होतं.

"आणि मी बिचाऱ्या पेशींना बोल लावत होतो!" सर कपाळावर हात मारून हसत सुटले.

नवीन रसायन मागवायचं तर पंधरा दिवस. श्रुतीने सावर्ड्याच्या मैत्रिणीला, वेदिकाला फोन केला. तीही असलंच काम करायची. वेदिकाने थर्मासात बर्फ भरला, त्यात काळ्या कागदात गुंडाळलेली रसायनाची कुपी खोचली आणि थर्मास रत्नागिरीच्या एसटीत कंडक्टरच्या हवाली केला. श्रुती स्टँडवर हजरच होती. कंडक्टरने थर्मास देताना विचारलं, "कुल्फी हाय काय?"

त्या दुपारी यंत्रावरचे आकडे हजारांत गेले. कमलाबाईंना खास बोलावून घेतलं होतं. त्या यंत्राच्या स्क्रीनकडे डोळे बारीक करून बघत राहिल्या.

"उजेड कुठाय?"

"डोळ्यांना दिसण्याइतका नसतो गं. यंत्राला दिसतो. हे आकडे म्हणजेच उजेड."

"एवढुसाच होय!" कमलाबाईंची जरा निराशाच झाली. पण लेकीचा आनंदाने रडवेला झालेला चेहरा पाहून त्यांनी पदराने तिचं नाक पुसलं, सगळ्यांसमोर, आणि श्रुतीनेही पुसू दिलं.

कोकमाच्या अर्काची परीक्षा सोमवारपासून सुरू करायचं ठरलं. रविवारी मायलेकी भाट्याच्या किनाऱ्यावर गेल्या. कमलाबाईंनी साडी घोट्याच्या वर खोचली आणि लाट आली की लहान मुलीसारख्या ओरडत मागे पळाल्या. परतण्याआधी तिथूनच त्यांनी रामजींना फोन लावला.

"अहो, ऐकलंत का? सापडला!"

"कोण सापडला?" रामजींनी घाबरून विचारलं.

"लेकीचा काजवा! बाकी घरी आले की सांगते," म्हणत त्यांनी फोन ठेवला आणि श्रुतीला म्हणाल्या, "चल, आता शहाळं पाज."